मिल्पा आणि युकातानचे ग्रामीण भूदृश्य

मेक्सिकोचे युकातान द्वीपकल्प व लगतचा उत्तर बेलीझ येथे माया आणि मेस्तिसो (स्थानिक व स्पॅनिश अशा मिश्र वंशाच्या) शेतकऱ्यांनी घडवलेली शेते, वस्त्या, गडगे आणि रान यांची रचना. वरून पाहता हा प्रदेश सलग अरण्य वाटतो. प्रत्यक्षात त्यातले बरेचसे रान म्हणजे विसाव्याला सोडलेली शेतेच आहेत.

सगळ्याच्या मुळाशी चुनखडीचा खडक आहे. उत्तर युकातानात जमिनीवरून नद्या वाहत नाहीत. पाणी खडकात मुरते आणि जिथे वरचे छत कोसळले आहे तिथे ‘सेनोते’ नावाच्या नैसर्गिक विहिरींत दिसते. जुनी गावे बहुधा त्यांच्याच आसऱ्याने वसली. माती पातळ, त्यामुळे नांगर निरुपयोगी. मिल्पा पद्धतीत रान तोडून वाळवतात, पावसाआधी एप्रिल-मेच्या सुमारास जाळतात आणि टोकदार काठीने मका, घेवडा, भोपळा एकत्र टोकतात. दोन-तीन वर्षांत तण माजते, पीक घटते. मग ती जमीन दहा-वीस वर्षे मोकळी ठेवायची. सह्याद्रीतील कुमरी शेती याच जातीची. ब्रिटिश अमलात बेलीझमधील मिल्पा आणि इकडची कुमरी या दोन्हींवर वनाधिकाऱ्यांनी नासाडीचा शिक्का मारला. ते एकांगीच म्हणावे लागेल, कारण सरपण, घराचे वासे, शाकारणीच्या झावळ्या, औषधी पाला, शिकार आणि मध याच ‘पडीक’ रानातून येतात.

घराभोवतीचे परसू हा दुसरा घटक. कुडाच्या भिंतींचे, दोन्ही टोकांना गोलाई असलेले घर. आवारात फळझाडे, चाया ही पालेभाजी, गुरांना चारा देणारे रामोन झाड, पोकळ ओंडक्यांत पाळलेल्या डंखहीन मधमाश्या आणि सभोवती कोरड्या दगडांचा गडगा.

विखुरलेल्या माया वस्त्या सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी सक्तीने एकत्र आणल्या. चौक, चर्च आणि काटकोनी रस्ते तेव्हाचे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वायव्येकडे घायपातवर्गीय हेनेकेनचे मळे पसरले. त्यांत माया मजूर कर्जाने बांधलेले होते. 1937 मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्देनास यांनी यांपैकी बरीच जमीन ‘एहिदो’ या सामुदायिक धारणेखाली आणली.

1847 मध्ये पेटलेल्या ‘जातियुद्धा’तून (युकातानच्या सत्ताधाऱ्यांविरुद्धच्या माया बंडातून) पळालेले मेस्तिसो व माया निर्वासित बेलीझच्या कोरोसाल आणि ऑरेंज वॉक भागांत उतरले. लाकूडतोडीवर जगणाऱ्या त्या वसाहतीत त्यांनी मिल्पा आणली आणि उसाची व्यापारी लागवडही सुरू केली. आजही तिथे ऊसच प्रमुख पीक आहे. दोन्ही समाजांत काटेकोर रेघ ओढणे मात्र कठीण: खुद्द युकातानात पारंपरिक पोशाख करणाऱ्या माया लोकांनाच पुष्कळदा मेस्तिसो म्हणतात.

1992 च्या घटनादुरुस्तीने एहिदोच्या जमिनी खाजगी मालकीत जाण्याची वाट खुली झाली. कांपेचे राज्यात यांत्रिक सोयाबीनची शेती वाढली, तेव्हा आपल्या मधाला धोका आहे म्हणून माया मधपाळ न्यायालयात गेले. स्थानिक समुदायांचा सल्ला न घेता जनुकबदल सोयाबीनला दिलेला परवाना 2015 मध्ये मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केला.