पायडल मारून बॅटरी चार्ज होत नसते, भाऊ

संभाजीनगरात जुन्या एमटीबीला (जाड टायरच्या माउंटन सायकलला) हब मोटरचं, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणाऱ्या विजेच्या मोटरचं किट बसवायचं म्हटलं की कुणीतरी सांगतंच, "पायडल मारत राहा, बॅटरी आपोआप चार्ज होते, चार्जर लागतच नाही." लै वर्षांपासून फिरतंय हे, आणि पार चूक आहे.

स्वस्त किटमध्ये बहुतेक वेळा गिअरवाली हब मोटर येते, तिच्या आत एक क्लच असतो, चाक पुढं पळालं की मोटर सुटी होते, म्हणजे ती फिरतच नाही तर करंट कुठून बनवणार? चाक उचला अन हातानं फिरवा, पुढं मोकळं पळतं, उलटं फिरवलं की जड लागतं, ते आतल्या मोटरचं ओझं.

डायरेक्ट ड्राइव्ह मोटर, म्हणजे क्लच नसलेली, चाकाबरोबरच फिरणारी, करंट बनवते, पण कंट्रोलरमध्ये (मोटर चालवणाऱ्या डब्यात) रीजेनची, म्हणजे तो करंट बॅटरीत परत घालायची सोय पाहिजे. आता हिशोब बघा. ३६ व्होल्ट १० एएचची (अँपिअर-अवरची) बॅटरी म्हणजे ३६० वॉट-अवर. साधा माणूस १०० वॉट काढतो, म्हणजे सायकल जागेवरच ठेवून साडेतीन तासांच्या वर पायडल मारायचं, पोचायचं कुठंच नाही!

उतारावर? खुलताबादहून दौलताबाद घाट उतरताना मिळेल थोडं. माणूस अन सायकल मिळून १०० किलो, उतार १०० मीटर धरला तर सगळी मिळून २७ वॉट-अवर, त्यातलं बरंच हवेत अन मोटरच्या गरमीत जातं. ब्रेक पॅड कमी झिजतात, तो फायदा मात्र खरा.

दुकानदार "सेल्फ चार्जिंग" म्हणाला तर त्याला म्हणा, मग चार्जर कशाला देतोस राव?