छत्री उघडलीच नाही

स्वीडनच्या कृषी विद्यापीठातल्या लिंडा कीलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक साधा प्रयोग 2009 साली प्रसिद्ध झाला. स्वार आणि घोडा, दोघांच्याही हृदयाचे ठोके मोजायची सोय केलेली. 30 मीटरचं अंतर चार वेळा कापायचं. तीन फेऱ्या झाल्या. चौथीच्या आधी स्वाराच्या कानावर घातलं, की या वेळी तुम्ही जवळून जाताना आमचा माणूस छत्री उघडेल. स्वाराचे ठोके वाढले. घोड्याचेही वाढले. छत्री मात्र उघडलीच नाही, आणि घोड्याला तर छत्रीबद्दल कुणी काही सांगितलंही नव्हतं.

स्वाराच्या अंगातलं घोड्याला न सांगता कळतं. घोडेस्वारीतला ड्रेसेज नावाचा खेळ या एका गोष्टीवर उभा आहे. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, अनुष अगरवाला आणि मुंबईचा हृदय छेडा यांनी त्यात सांघिक सुवर्ण जिंकलं, तेव्हा आपल्याकडे बऱ्याच जणांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. 20 बाय 60 मीटरचं मैदान, कडेला अक्षरांच्या पाट्या. ‘ए’पाशी आत शिरायचं, पंचांना सलाम करायचा, मग ठरलेल्या अक्षरापाशी ठरलेली हालचाल. प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण. तोंडाने चुचकारलेलंही चालत नाही, गुण कापतात. मग सांगायचं कसं?

मांडीने. जुन्या शिलेदारांचा ‘मांड’ हा शब्द इथे अगदी चपखल बसतो. पक्की मांड म्हणजे घोड्यावरून न पडणं, एवढाच अर्थ आज आपल्याकडे उरलाय. ड्रेसेजमध्ये मांड ही बोलीच आहे. घोड्याच्या अंगावर माशी बसली की तेवढ्याच जागेची कातडी थरथरते, ते आठवा. इतक्या हळव्या अंगावर आपण पन्नास-साठ किलो घेऊन बसतो. स्वाराने श्वास रोखला की कंबर ताठरते, मांड्या आवळतात, घोड्याच्या पाठीबरोबर हलणारं त्याचं बूड मध्येच अडतं. स्वाराला पत्ताही नसतो. घोड्यापर्यंत मात्र निरोप पोचलेला असतो. त्यात हा कळपातला, शिकार होणारा प्राणी. शेजारचा ताठ झाला की आपणही कान टवकारायचे, ही त्याची जगण्याची रीत.

शिकवण्याची पद्धतही स्पर्शाचीच. पोटरीने हलका दाब द्यायचा, घोडा बाजूला सरकला की दाब त्याच क्षणी सोडायचा. गंमत अशी, की घोडा शिकतो तो दाबाने नव्हे, दाब सुटल्याने. सोडायला उशीर झाला, तर मधल्या वेळात त्याने जे केलं असेल (मान झटकली, थबकला) तेच बरोबर होतं अशी त्याची समजूत होते. मग आपण म्हणतो, घोडा हट्टी आहे.

स्पर्धा जवळ आली की नवख्याला वाटतं, अख्खी चाचणी, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा सगळा क्रम, रोज घोकावी. जाणते तसं करत नाहीत. तुकडे सुटे करून, क्रम उलटापालटा करून सराव करतात. कारण घोड्याला क्रम पाठ होतो आणि अक्षर यायच्या आधीच तो वळायला लागतो. चाचणी पाठ हवी ती स्वाराला.

बर्लिनच्या ‘हुशार हान्स’ची गोष्ट इथे सांगायलाच हवी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा घोडा खुराने टापा मारून गणितं सोडवायचा. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने तपासलं, तर विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल किंवा तो हान्सला दिसत नसेल, तर उत्तर चुकायचं. बरोबर आकडा आला की माणसाचं डोकं किंचित हलायचं, हान्स तिथे थांबायचा. हे कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःची ती हालचाल थोपवता येईना. हान्सला ‘फसवा’ म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. गणित नसेल येत, पण माणूस वाचण्यात त्याला पैकीच्या पैकी द्यायला हवेत.

आणि डेन्मार्कची लिस हार्टेल. 1944 मध्ये पोलिओ झाला. पुढे बरीच सुधारणा झाली, तरी गुडघ्याखाली पायांत जोर आला नाही. म्हणजे पोटरी आणि टाच, स्वाराची नेहमीची हत्यारंच गेली. ती आणि तिची घोडी ज्युबिली यांनी मग पाठीच्या आणि वजनाच्या बारीक हालचालींवर काम केलं. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसेज पहिल्यांदाच स्त्रियांना खुलं झालं होतं. लिसने रौप्य जिंकलं, चार वर्षांनी पुन्हा रौप्य. तिला घोडीवर चढायला आणि उतरायला माणूस लागायचा. हेलसिंकीत पदक घ्यायची वेळ आली, तेव्हा सुवर्णविजेता स्वीडनचा आंरी सँ सीर पुढे झाला आणि त्याने तिला हात देऊन मंचावर चढवलं.