चॅनल स्ट्रिप

चॅनल स्ट्रिप म्हणजे मोठ्या मिक्सिंग कन्सोलची (अनेक माईकचे आवाज एकत्र करायच्या टेबलाची) एक उभी पट्टी सुटी काढून वेगळ्या डब्यात बसवलेली. माईकचा बारीक सिग्नल वाढवणारा प्रीअँप, अगदी खालची घरघर कापणारा हायपास फिल्टर, खर्ज-तार कमीजास्त करणारा ईक्यू, मोठा आवाज दाबणारा कॉम्प्रेसर आणि काहींत 'स'चा सिसकारा कमी करणारा डी-एसरसुद्धा, सगळं एकाच ठिकाणी. नीव्ह या इंग्लिश कंपनीचं १०७३ हे १९७० चं मॉड्यूल या घराण्यातलं सगळ्यात नावाजलेलं, पण त्यात प्रीअँप आणि ईक्यूच होता, कॉम्प्रेसर नव्हता.

लातूर-नांदेडकडच्या छोट्या स्टुडिओत एकच चांगला चॅनल परवडतो आणि त्याच्यावरच सगळं काढावं लागतं, सकाळी शाहीर येतो, दुपारी गोंधळ्यांचा संबळ, संध्याकाळी कुणाची आजी ओव्या म्हणायला. त्यामुळे निवडताना आधी गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवता येतो ते, बघायचं. शुअर एसएम७बी सारख्या कमी सिग्नल देणाऱ्या डायनॅमिक माईकला बोलण्याच्या आवाजावर साधारण ६० डीबी (डेसिबल) स्वच्छ गेन लागतो, आणि स्वस्त प्रीअँप तिथवर जाईपर्यंत सूं करायला लागतात. संबळाचं उलटं आहे. काठी पडली की सिग्नल एवढा उसळतो की २० डीबीचा पॅड (सिग्नल कमी करणारं बटण) नसेल तर सुरुवातच फाटते. कंडेन्सर माईकसाठी ४८ व्होल्ट फँटम, म्हणजे माईकच्या केबलमधूनच जाणारी वीज, तर पाहिजेच, आणि सिग्नल उलटा करणारं पोलॅरिटीचं बटणही पाहिजे, कारण पखवाजाला दोन्ही तोंडांवर माईक लावले की कधीकधी धुमेचा खर्ज गायबच होतो, एका बाजूचं बटण उलटं करून ऐकलं की परत येतो.

आमच्याकडं एका आजींच्या ओव्या घेतल्या तेव्हा मे महिना होता, कूलर बंद केला, खिडक्या लावल्या. जात्याशिवाय ओवी सुचेना म्हणून त्या हात गोल फिरवत गात होत्या, गेन वाढवला तशी काकणं ऐकू यायला लागली आणि गल्लीतली पाण्याची मोटारही. ८० हर्ट्झच्या हायपासनं मोटारीची खालची घरघर बरीच गेली. कॉम्प्रेसर मात्र बायपासच, म्हणजे सिग्नलच्या वाटेबाहेर, ठेवला, कारण दाबून लेव्हल वर आणली की दोन ओळींमधल्या शांततेत तीच मोटार मोठी होऊन बसते. प्रत्येक भागाला स्वतःचा बायपास नसलेली स्ट्रिप माझ्या मते घेऊच नये, जे आत जातानाच दाबलं गेलं ते नंतर सोडवता येत नाही. शाहीर बोलता बोलता एकदम वरच्या पट्टीत जातो तिथं कॉम्प्रेसरनं २:१ प्रमाणात (ठरवलेल्या पातळीच्या वर गेलेल्या दोन डीबीचा एकच उरतो) तीन-चार डीबी दाबणं पुरतं.

स्ट्रिपचं आउटपुट आवाज संगणकात नेणाऱ्या इंटरफेसच्या लाईन इनपुटला द्यायचं, माईक इनपुटला दिलं तर दोन प्रीअँप एकामागं एक लागतात आणि चांगल्या डब्याचा आवाज मधेच बिघडतो. दुकानात घ्यायला जाताना आपलाच माईक, आपलाच हेडफोन न्यावा, गेन ६० वर नेऊन गप्प बसावं आणि नुसती सूं ऐकावी.