प्रारूप प्रादेशिक योजनेवर हरकत नोंदवताना : कोल्हापूर जिल्ह्यातील जमीनधारकांसाठी

हरकतीच्या अर्जावर गट नंबर व्यवस्थित लिहिलेला असतो, मागणीही रास्त असते, पण जमीन नकाशावर नेमकी कोठे आहे हे कागदांवरून कळत नाही, एवढ्या कारणाने बाजूला पडलेले अर्ज मी अनेकदा पाहिले आहेत. म्हणून नेहमीच्या पायऱ्या थोडक्यात सांगून अडणाऱ्या गोष्टींविषयी सविस्तर लिहितो.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खालील प्रादेशिक योजनेत शेती, रहिवास व उद्योग यांच्या जमिनी, रस्ते, पाणीपुरवठा, वने, नैसर्गिक साधनसंपत्तीचे जतन आणि पूरनियंत्रण यांची आखणी होते. कलम १६ नुसार प्रारूप, म्हणजे योजनेचा मसुदा, प्रसिद्ध झाल्यावर कोणतीही व्यक्ती हरकत किंवा सूचना देऊ शकते; त्यासाठी सातबारावर नाव असलेच पाहिजे असे नाही. वडील वारले आणि वारस नोंद अजून झालेली नाही, म्हणून घरी बसून राहणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात घ्यावे. वारसाने स्वतःच्या सहीने अर्ज करावा, आपले नाते लिहावे आणि वारस नोंदीसाठी दिलेल्या अर्जाची पोहोच जोडावी.

मुदतीचा घोळ सर्वांत जास्त नुकसान करतो. प्रादेशिक योजनेसाठी सूचना प्रसिद्ध झाल्यापासून किमान चार महिने द्यावे लागतात आणि शेवटची तारीख सूचनेतच नमूद असते. आपण वर्तमानपत्र कधी वाचले किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर कागद कधी लागला, यावरून दिवस मोजू नयेत. कोल्हापूर शहराच्या हद्दीतील प्रारूप विकास योजनेची मुदत मात्र कलम २६ खाली ३० दिवसांचीच असते आणि शहराला लागून जमीन असणारे नेमके येथेच चुकतात. शहराभोवतीच्या कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाच्या ४२ गावांत जमीन असेल, तर कोणत्या योजनेची सूचना निघाली आहे आणि हरकत कोणाकडे द्यायची, हे आधी लेखी विचारून घ्यावे. ग्रामपंचायतीत दिलेला अर्ज योग्य कार्यालयात आपोआप पोहोचतो, या समजुतीवर विसंबू नये.

आता कागदपत्रे. सातबारा, आठ-अ आणि ओळखपत्र बहुतेकांकडे असते. नसतो तो पोटहिस्स्याचा नकाशा. भावाभावांत वाटणी झाली, सातबारा वेगळे निघाले, पण मोजणी कधीच झाली नाही. त्यामुळे गाव नकाशावर जुना अखंड गटच दिसतो. करवीर तालुक्यातील एक वयस्कर गृहस्थ प्लॅस्टिकच्या पिशवीत सहा सातबारे नीट घडी घालून घेऊन आले होते आणि रस्ता आपल्या विहिरीवरून जातो, असे कळवळून सांगत होते. परंतु विहीर गटाच्या कोणत्या बाजूला आहे, हे एकाही कागदावर नव्हते. अशा वेळी मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा नकाशा, मिळेपर्यंत थांबू नये, कारण मोजणीला महिने लागतात. गाव नकाशाच्या प्रतीवर आपला हिस्सा लाल शाईने दाखवावा, चतुःसीमा लिहाव्यात, विहीर, पाइपलाइन व घर यांच्या खुणा कराव्यात आणि मोजणीच्या अर्जाची पोहोच जोडावी. ज्या खात्याने मोजणी वेळेत दिली नाही त्याची शिक्षा अर्जदाराने भोगावी, हे मला कधीच पटलेले नाही. तरीही आपल्या बाजूने कागद पक्का ठेवावाच लागतो.

पंचगंगेच्या काठच्या गावांनी पूररेषेबाबत स्वतंत्र काळजी घ्यावी. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला जवळजवळ पूर्ण मनाई असते आणि दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात ते अटींवरच होते. या रेषा जलसंपदा विभाग आखतो, नगररचना विभाग त्या नकाशावर फक्त उतरवून घेतो. रेषाच चुकली असे म्हणणे असेल, तर जलसंपदा विभागाकडे वेगळा अर्ज करून त्याची प्रत हरकतीला जोडावी, नाहीतर ‘या कार्यालयाशी संबंधित नाही’ असे एका ओळीचे उत्तर हाती पडते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी कोठपर्यंत आले होते, हे पंचनाम्याच्या प्रतीसह प्रामाणिकपणे लिहावे. पाणी आले असताना आले नाही असे लिहून रहिवास विभाग, म्हणजे घरांसाठीचा पट्टा, मागणे पुढे त्या घरात राहणाऱ्यांच्या जिवावर बेतणारे आहे.

अर्जात एकच मागणी स्पष्ट लिहावी, उदाहरणार्थ रस्त्याची आखणी कोणत्या बाजूला सरकवावी. दोन प्रती न्याव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये.

पुढे प्रादेशिक नियोजन समिती हरकतींवर सुनावणी घेते. अर्जावरचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक चालू असावा, कारण नोटीस त्याच पत्त्यावर जाते. स्वतः जाणे शक्य नसेल, तर अधिकारपत्र देऊन घरातील जाणत्या माणसाला पाठवावे. बोलायला मोजकी मिनिटे मिळतात, म्हणून नकाशा आधी समोर ठेवावा आणि मग बोलावे. योजनेला शासनाची मंजुरी मिळाल्यानंतर जमिनीचा विभाग (शेती, रहिवास वगैरे) बदलून घ्यायचा, तर कलम २० खालील फेरबदलाची लांबलचक वाट धरावी लागते, आणि त्यासाठीही हाच खुणा केलेला नकाशा लागतो.