हापशाचं मूळ जालन्यात

हापसा पाणी खालून ओढून घेतो असं जवळजवळ सगळ्यांनाच वाटतं, पण नुसतं ओढून पाणी फार तर १० मीटर चढतं. तेही खरं तर बाहेरच्या हवेचा दाब त्याला वर ढकलतो म्हणून, अन् त्या दाबाची ताकद तेवढीच. इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेलीने १६४४ सालीच हे मांडलं होतं. आपल्याकडं काळ्या खडकात उन्हाळ्यात बोअरचं पाणी याच्या कितीतरी खाली जातं, मग हापसा चालतो कसा?

तर सिलिंडर खाली पाण्यातच सोडलेला असतो. दांडा खाली दाबला की लोखंडी रॉड वर येतो, सोबत वायसर लावलेला पिस्टन, अन् तो डोक्यावरचं सगळं पाणी उचलतो. सिलिंडर साधारण अडीच इंची, म्हणजे पाणी ३० मीटरवर असेल तर जवळपास ९५ किलोचा भार! दांड्याची लांब बाजू सुमारे आठपट असल्यामुळं हाताला बारा किलोच लागतात, म्हणून शाळकरी पोरगीही घागर भरते.

१९६० च्या दशकाच्या शेवटी दुष्काळात बोअर भरपूर झाले, पण वरचे बिडाचे हापसे अख्ख्या गावाने हापसल्यावर टिकेनात. तेव्हा जालन्यात ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी पोलादी हापसा बनवला, तो 'जालना पंप'. पुढं तो सोलापुरात सुधारला, अन् त्यावरून १९७० च्या दशकात युनिसेफ अन् सरकारने मिळून 'इंडिया मार्क टू' केला. आज आफ्रिकेतल्या गावागावांत तो आहे, पण त्याचं मूळ जालन्याचं हे जालन्यातच फारसं कुणाला माहीत नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

त्याची खरी कमाल साखळीत आहे. वरचं झाकण काढलं की दिसते, सायकलच्या चेनसारखी, एका गोलसर कमानीवर टेकलेली. दांडा फिरतो गोलाकार अन् रॉड हवा सरळ उभा, जुन्या हापशात या भांडणात पिना झिजायच्या, इथं मात्र साखळी कमानीवरून कायम एकाच जागेवरून खाली सुटते, त्यामुळं रॉड बाजूला खेचलाच जात नाही. पण साखळी नुसती ओढू शकते, ढकलू शकत नाही, रॉड स्वतःच्या वजनानेच खाली जातो, म्हणून उथळ बोअरवर, जिथं रॉड आखूड अन् हलका असतो, हा हापसा नीट चालत नाही.

एवढं डोकं लावलेलं यंत्र वर, अन् बोअरची जागा मात्र अजूनही तळहातावर नारळ उभा करून ठरवायची! नारळ हाताच्या बारीक हालचालीने हलतो, पाण्याने नाही, भूजलवाल्यांना विचारा.

मार्क टूचं मोठं दुखणं म्हणजे वायसर बदलायला सगळे पाइप उपसावे लागतात. मार्क थ्रीमध्ये पाइपच रुंद केला, त्यामुळं पिस्टन त्याच्यातूनच वर काढता येतो, फक्त पाइप जड झाले.