मूडल, महाविद्यालये आणि ‘मुक्त’ या शब्दाचा गुंता

महाविद्यालयाच्या खरेदी समितीपुढे मूडलचा, म्हणजे वर्गाचे साहित्य, स्वाध्याय आणि चाचण्या ऑनलाइन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, विषय येतो तेव्हा अडचण तंत्राची नसते, कागदाची असते. तीन दरपत्रके मागवायची कुणाकडून? विक्रेताच नाही. खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा? डेडस्टॉक रजिस्टरला नोंद कशाची करायची? शेवटी ठरावात लिहिले जाते, ‘मोफत सॉफ्टवेअर वापरण्यास मान्यता.’ पुढच्या बऱ्याच गोष्टी या एका शब्दाने बिघडवल्या आहेत.

इंग्रजीत ‘फ्री’ हा शब्द फुकट आणि स्वतंत्र या दोन्ही अर्थांनी चालतो. त्यातून होणारा घोटाळा टाळणे, हे १९९८ मध्ये ‘ओपन सोर्स’ हा शब्दप्रयोग पुढे आणण्यामागचे एक कारण होते. मराठीत खरे तर असा घोटाळा व्हायला नको, कारण मोफत आणि मुक्त हे आपल्याकडे आधीपासूनच वेगळे शब्द आहेत. पण शिक्षणक्षेत्रात ‘मुक्त’ आधीच दुसऱ्या कामाला लागलेला होता. १९८९ मध्ये नाशिकला मुक्त विद्यापीठ सुरू झाले आणि ‘मुक्त’ म्हणजे प्रवेशाच्या अटी सैल असलेले, नोकरी सांभाळून करता येणारे शिक्षण, हा अर्थ घरोघरी पोचला. २००१ नंतर परदेशी विद्यापीठे आपले वर्गातले साहित्य इंटरनेटवर ठेवू लागली. ते झाले मुक्त अभ्याससाहित्य. मग मुक्तस्रोत (ओपन सोर्स), ज्यात मूडल येते. पहिल्यात प्रवेश मुक्त, दुसऱ्यात मजकूर मुक्त, तिसऱ्यात आज्ञावली: ती वाचण्याची, बदलण्याची, बदलून दुसऱ्याला देण्याची मुभा. किमतीचा प्रश्न तिन्हींत वेगळा आहे. मुक्त विद्यापीठही शुल्क घेतेच.

ठरावात ‘मोफत’ आले की अंदाजपत्रकात शून्य येते. सर्व्हर, बॅकअप, नवी आवृत्ती चढवणारा माणूस, शिक्षकांचे प्रशिक्षण, यांपैकी काहीही मोफत नाही. मग ते काम संगणक विभागातल्या एखाद्या हौशी प्राध्यापकाच्या गळ्यात पडते. त्यांची बदली झाली किंवा तासिका तत्त्वावरची नेमणूक संपली की पासवर्डही त्यांच्याबरोबर जातो आणि वर्षभरात साइट बंद पडते. त्यानंतरच्या बैठकीत निष्कर्ष निघतो की मुक्तस्रोत टिकत नाही. हा निष्कर्ष अन्यायाचा आहे. टिकली नाही ती तरतूद, कारण ती केलेलीच नव्हती.

मूडलचा उगम ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. तिथल्या विद्यापीठात विकत घेतलेली अध्यापनप्रणाली सांभाळणाऱ्या एका माणसाने तिला कंटाळून स्वतःची प्रणाली लिहायला घेतली आणि ऑगस्ट २००२ मध्ये पहिली आवृत्ती खुली केली. २००५ च्या अखेरीस ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने ती निवडली, तेव्हा मोठ्या संस्थांची भीड चेपली. २००६ मध्ये अशा प्रणाली विकणाऱ्या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या कंपनीने, ब्लॅकबोर्डने, ऑनलाइन अध्यापनाच्या ढोबळ कल्पनेवरच पेटंट मिळवून एका स्पर्धकावर दावा लावला. विद्यापीठांतून गदारोळ झाल्यावर २००७ मध्ये मुक्तस्रोत प्रकल्पांवर ते वापरणार नाही, असे तिने जाहीर केले. २००९ मध्ये अपील न्यायालयाने दाव्यातले पेटंटचे मुद्दे अवैध ठरवले. आपल्या महाविद्यालयांपर्यंत या लढाईचा आवाज फारसा पोचला नाही.

आपल्याकडे आधी मुक्तस्रोत रुजले ते ग्रंथालयात. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले ‘कोहा’ (माओरी भाषेत भेट) हे ग्रंथालय चालवण्याचे सॉफ्टवेअर अनेक ग्रंथपालांनी स्वतः शिकून बसवले. वर्गाकडे मुक्तस्रोत यायला माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षणाचे २००९ चे राष्ट्रीय मिशन उपयोगी पडले. त्याखाली पवईच्या आयआयटीने शिक्षकांच्या दूरस्थ कार्यशाळा घेतल्या. तिथे स्वाध्याय आणि चाचण्या मूडलवर असत, आणि अनेकांनी ते प्रथम तिथेच पाहिले. परत येऊन प्रयत्न करणाऱ्यांना एक अस्सल मराठी अडचण भेटली: श्रीलिपी या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये वर्षानुवर्षे टाइप केलेल्या नोट्स पडद्यावर निरर्थक अक्षरे होऊन उमटत. युनिकोडमध्ये त्या नव्याने टाइप करणाऱ्या शिक्षकांचे श्रम कुठल्याही अहवालात आलेले नाहीत.

२०१५ मध्ये केंद्राने मुक्तस्रोताला प्राधान्य देणारे धोरण काढले. वादाची जागा इथेच आहे. धोरण केंद्राच्या कार्यालयांना लागू. राज्यांनी हवे तर स्वीकारावे. त्यामुळे राज्याच्या विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांवर त्याचे थेट बंधन आले नाही. बंधन आले ते दुसरीकडून. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या २०१७ च्या सुधारित आराखड्यात एलएमएस (मूडलसारखी ऑनलाइन अध्यापनप्रणाली) वापरणाऱ्या शिक्षकांचे प्रमाण विचारले गेले. प्रश्न फक्त वापराचा होता. स्रोत मुक्त की बंद, विदा (डेटा) कुणाच्या ताब्यात, हे कुणी विचारले नाही. मूल्यांकनाच्या तोंडावर घाईने उभी केलेली आणि नंतर लॉगिनही न झालेली मूडल साइट हे त्या काळातले ओळखीचे चित्र आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आठवड्याभरात वर्ग सुरू करायचे होते. गूगल क्लासरूमला सर्व्हर लागत नव्हता, दरपत्रक लागत नव्हते. बहुतेकांनी ते घेतले, आणि त्या दिवसांत शिक्षकांना दोष देता येणार नाही. पण हे मोफत होते, मुक्त नव्हते. फेब्रुवारी २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केले की शैक्षणिक संस्थांची अमर्याद साठवण जाऊन संस्थेमागे शंभर टेराबाइटची मूळ मर्यादा येईल. २०२२ मध्ये ती लागू झाली. व्याख्यानांची ध्वनिचित्रमुद्रणे पुसण्याच्या सूचना निघाल्या. निवृत्त शिक्षकांची खाती बंद झाली, त्यांच्यासोबत त्यांचे ड्राइव्हही.

मूडलमध्ये अख्खा अभ्यासक्रम, प्रश्नपेढीसकट, एका बॅकअप फाइलमध्ये उतरवता येतो आणि दुसऱ्या महाविद्यालयाच्या सर्व्हरवर पुन्हा उभा करता येतो. २०२२ नंतर काही ठिकाणी ठराव नव्याने मांडले गेले. त्यांतल्या एकाचा मसुदा मी पाहिला. ‘मोफत’ खोडून ‘मुक्तस्रोत’ लिहिले होते आणि त्याखाली वार्षिक देखभालीसाठी रकमेचा रकाना होता.