चौकोनी ठिपक्यांचा पतंग

कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा, मोहरी इत्यादी मोहरी कुलातील वनस्पतींवर उपजीविका करणारा लहान पतंग. शास्त्रीय नाव प्लुटेला झायलोस्टेला, कुल प्लुटेलिडी, गण लेपिडॉप्टेरा. लिनीअस यांनी 1758 मध्ये या जातीचे वर्णन केले. जुन्या भारतीय कृषिग्रंथांत हाच कीटक प्लुटेला मॅक्युलिपेनिस या नावाखाली आढळतो, त्यामुळे जुने उल्लेख पाहताना दोन जाती समजण्याची चूक होऊ नये.

पतंग राखट तपकिरी, सुमारे 8 ते 9 मिमी. लांबीचा असतो. बसताना तो पंख पाठीवर छपरासारखे मिटतो आणि शृंगिका (डोक्यावरील स्पर्शतंतू) पुढे ताणून धरतो. पंखांच्या कडेचे फिकट नागमोडी पट्टे अशा वेळी एकमेकांस भिडून चौकोनांची रांग दिसते. नाव त्यावरूनच पडले. सातारा-सांगलीकडील कोबी उत्पादकाला मात्र पतंगापेक्षा अळीच अधिक परिचयाची.

मादी पानांवर सुटी किंवा लहान पुंजक्यांत पिवळसर अंडी घालते. मोहरी कुलातील उग्र वासाची गंधकयुक्त द्रव्ये इतर अनेक कीटकांना दूर ठेवतात; या मादीला मात्र तीच द्रव्ये अंडी घालण्यास उद्युक्त करतात. अळीच्या आतड्यातील एक विकर (एन्झाइम) त्या द्रव्यांचे विषारी रूपांतर होऊ देत नाही. पहिल्या अवस्थेतील अळी पान पोखरते. पुढे ती पानाच्या खालच्या बाजूने हरितभाग खाते व वरचा पापुद्रा तसाच ठेवते, त्यामुळे पान उजेडात धरले असता बारीक पारदर्शक खिडक्या दिसतात. पानाला बोट लागताच हिरवट अळी वळवळत मागे सरते आणि रेशमी धाग्याला लोंबकळते. धोका टळला की त्याच धाग्याने वर चढते. जाळीदार पांढऱ्या कोशात, बहुधा पानावरच, ती कोशावस्थेत जाते. उष्ण हवेत पिढी दोन-तीन आठवड्यांत पुरी होते. जोराच्या पावसाने लहान अळ्या धुऊन जातात, म्हणून प्रादुर्भाव कोरड्या दिवसांत वाढतो.

मूलस्थानाविषयी मतभेद आहेत. लागवडीखालील कोबी भूमध्य सागराकाठचा, म्हणून कीडही तेथलीच, हे जुने मत 1938 च्या सुमारास मांडले गेले व दीर्घकाळ प्रचलित राहिले. कीड मूळची जिथली तिथे तिच्या यजमान वनस्पती व शत्रू अधिक, या तर्काने 1998 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील रानटी यजमान वनस्पती व परोपजीवी कीटकांच्या विपुलतेवरून त्या देशाचा पक्ष पुढे आला; तशाच युक्तिवादाने चीनचेही नाव घेतले गेले. 2020 मध्ये जगभरातील 532 पतंगांच्या जनुकसंचांच्या तुलनेवरून दक्षिण अमेरिका हे मूलस्थान सुचविण्यात आले. पिकाचे व किडीचे मूळ एकच असावे असा नियम नसल्याने पहिले मत दुबळे ठरते, आणि परोपजीवींची विपुलता हा अप्रत्यक्ष पुरावा होय. तूर्त जनुकीय पुराव्याकडे कल ठेवणे योग्य वाटते.

कीटकनाशकांविरुद्धची प्रतिकारक्षमता हे या जातीचे विशेष लक्षण. 1953 मध्ये जावा बेटावर डीडीटीविरुद्ध ती नोंदली गेली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूपासूनच्या कीटकनाशकाला शेतात प्रतिकार करू लागलेला पहिला कीटकही हाच मानतात. नियंत्रणासाठी कोबीच्या दर 25 ओळींनंतर मोहरीच्या दोन ओळी लावण्याची भारतीय पद्धत आहे: एक लागवडीच्या 15 दिवस आधी, दुसरी लागवडीनंतर 25 दिवसांनी, म्हणजे मादीला अंडी घालण्यासाठी मोहरीची कोवळी पाने सतत उपलब्ध राहतात व कोबी वाचतो. कोटेशिया या गांधीलमाशीवर्गीय परोपजीवीची मादी अळीच्या अंगात अंडे घालते, त्यामुळे ती अळी मरते. निंबोळी अर्काचाही वापर होतो.